स्पॅनिशमध्ये माणसांचं वर्णन कसं करायचं: मराठीतून विचार करून शिका

स्पॅनिश शिकायला लागलं की नाव, वय, कुठून आलात एवढं झाल्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो तो माणसांबद्दलचा. तुझा भाऊ कसा आहे, तुझी मैत्रीण कशी आहे, बॉस कसा आहे. आणि इथे बहुतेक जण काय करतात तर शब्दांची लांबलचक यादी घेऊन पाठ करायला बसतात, उंच म्हणजे हे, बुटका म्हणजे ते, आणि पन्नास शब्द पाठ होऊनही तोंडातून एक वाक्य धड निघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यादी नंतर, आधी वाक्याचा साचा. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं, हा साचा इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. आपल्याकडे बहुतेक पुस्तकं, व्हिडिओ, अ‍ॅप सगळं इंग्रजीतून स्पॅनिश शिकवतं त्यामुळे आपणही डोक्यात आधी इंग्रजी वाक्य करतो आणि मग त्याचं स्पॅनिश, आणि ज्या गोष्टी मराठी माणसाला आयत्या येत असतात त्याच अवघड वाटायला लागतात. माणसांच्या वर्णनात मराठी किती ठिकाणी मदत करते आणि कुठे दगा देते एवढं कळलं तर अर्धं काम झालं समजा.

आधी उच्चाराचं थोडक्यात, कारण मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय. मी लॅटिन अमेरिकेतला उच्चार धरलाय, स्पेनच्या बऱ्याच भागात काही ठिकाणचा 'स' जिभेचं टोक दातात धरून काढलेल्या 'थ'सारखा येतो. 'ख' लिहिलाय तिथे आपला ठसठशीत ख नाही तर घशातून हवा घासत निघणारा ख, आणि कोलंबिया, क्यूबा वगैरेकडे तर तो सरळ 'ह'च ऐकू येतो. जिथे 'य' लिहिलाय त्यातले काही 'य' अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसकडे 'श' होतात, घाबरू नका, शब्द तोच असतो. इंग्रजी 'व्ही'सारखा वेगळा आवाज नाहीच, ते अक्षर 'ब' होतं. त आणि द मात्र आपलेच, दातांवरचे, फक्त दोन स्वरांमधला द जरा मऊ होतो, बाकी मराठी माणसाला काही वेगळं करावं लागत नाही.

साचा

कोण + आहे + किती + कसा. एवढंच. 'मि एर्मानो एस मुई आल्तो', माझा भाऊ खूप उंच आहे. शब्दांचा क्रम बघा, 'आहे' मधे येतं, आपल्यासारखं शेवटी नाही. नकार करायचा तर 'नो' हा 'एस'च्या आधी, 'मि एर्मानो नो एस आल्तो'. प्रश्न विचारायचा तर काही वेगळं जोडावं लागत नाही, नुसता सूर वर न्यायचा.

हे जे 'आहे' आहे त्याची रूपं पाठ करावीच लागतील, त्याला इलाज नाही पण सहाच आहेत. मी आहे 'सोय' (उच्चार आपल्या 'जेवणाची सोय' मधल्या सोयीसारखाच), तू आहेस 'एरेस', तो किंवा ती आहे 'एस', आम्ही आहोत 'सोमोस', ते आहेत 'सोन'. सहावं 'सोइस', म्हणजे तुम्ही सगळे आहात, पण ते स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस सोन' म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला ते ओळखता आलं तरी पुरे. अर्जेंटिनात 'एरेस'च्या जागी 'सोस' ऐकू येईल.

इथे मराठीचा पहिला फायदा. 'मी', 'तू' हे शब्द प्रत्येक वाक्यात घालायची गरज नाही कारण क्रियापदावरूनच कळतं कोण ते. आपण 'उंच आहेस की रे' म्हणतो, 'तू' लागत नाही. तसंच 'एरेस आल्तो' पुरेसं आहे. इंग्रजीतून शिकणारे प्रत्येक वाक्याला 'यो', 'तू' लावत बसतात आणि ते ऐकायला फार खडबडीत लागतं. (हो, स्पॅनिशमध्ये पण तू म्हणजे 'तू'च, आणि मान द्यायचा तर 'उस्तेद'.)

आणि इथेच पहिला दगा. मान द्यायचा तर आपण अनेकवचन करतो. बाबा प्रेमळ आहेत, आजोबा उंच आहेत, मॅडम कडक आहेत. स्पॅनिशमध्ये असं अजिबात होत नाही. वडील कितीही मोठे असोत, एक माणूस म्हणजे एकवचन. 'मि पाद्रे एस मुई कारिन्योसो', माझे वडील खूप प्रेमळ आहेत. इथे 'सोन' म्हटलंत तर समोरचा दोन वडील शोधायला लागेल. 'उस्तेद'ला सुद्धा क्रियापद 'एस'च लागतं, 'उस्तेद एस मुई आमाब्ले', तुम्ही फार भले आहात. मराठी बोलणाऱ्यांकडून ही चूक खूप होते आणि कुठल्याच इंग्रजी पुस्तकात ती सापडत नाही कारण इंग्रजीवाल्यांना ती होतच नाही, म्हणून यावर मुद्दाम थांबा आणि आई, बाबा, आजी, सर, मॅडम या सगळ्यांवर एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघा.

तो, ती आणि विशेषणाचं शेपूट

हा भाग इंग्रजीवाल्यांना डोकेदुखी असतो आणि आपल्याला घरचा असतो. लाजरा मुलगा, लाजरी मुलगी. भोळा, भोळी. आपण कधी विचारही करत नाही. तसंच 'तिमिदो' म्हणजे लाजरा आणि 'तिमिदा' म्हणजे लाजरी. शेवटी 'ओ' असेल तर पुरुषासाठी, तोच 'आ' केला की बाईसाठी. 'गेनेरोसो' असं कुणी म्हणेल पण बरोबर उच्चार 'खेनेरोसो', म्हणजे उदार, बाई असेल तर 'खेनेरोसा'. 'सेरिओ, सेरिआ' गंभीर. 'दिबेर्तिदो, दिबेर्तिदा' मजेशीर, ज्याच्यासोबत वेळ छान जातो असा. फक्त कानाला एक सवय लावावी लागते, आपल्याकडे 'आ' म्हणजे पुरुष आणि 'ई' म्हणजे बाई, तिकडे 'आ' ऐकला की बाई.

मराठीत काही विशेषणं बदलतच नाहीत ना, हुशार मुलगा, हुशार मुलगी, तसंच तिकडेही. 'ए' ने संपणारी विशेषणं दोघांनाही तीच. 'इन्तेलिखेन्ते' हुशार, 'आमाब्ले' भला, अदबीनं वागणारा, 'पासिएन्ते' संयमी, 'बालिएन्ते' धाडसी, 'कोबार्दे' भित्रा. 'इस्ता' ने संपणारी पण तशीच, 'ओप्तिमिस्ता', 'पेसिमिस्ता', 'एगोइस्ता' म्हणजे आशावादी, निराशावादी, स्वार्थी. यातला शेवटचा 'आ' बघून लोक पुरुषासाठी 'एगोइस्तो' करतात, तसा शब्दच नाही. 'मि बेसिनो एस एगोइस्ता', माझा शेजारी स्वार्थी आहे, बरोबर.

मग एक तिसरा गट आहे, 'दोर' ने संपणारे. 'त्राबाखादोर' कष्टाळू, 'आब्लादोर' बडबड्या. यांना बाईसाठी पुढे 'आ' जोडायचा, 'त्राबाखादोरा', 'आब्लादोरा'. बाकी व्यंजनाने संपणारे बरेच शब्द मात्र दोघांना सारखेच, जसं 'खोबेन' म्हणजे तरुण आणि 'फेलिस' म्हणजे आनंदी.

एक सांगते, कुठला शब्द बदलणार हे मराठी अर्थावरून ठरवू नका. 'प्रेमळ' आपल्याकडे बदलत नाही पण 'कारिन्योसो' बदलतो. 'उंच' बदलत नाही पण 'आल्तो' बदलतो. शब्दाचं शेपूट बघायचं, बस.

आणि अनेकवचन. इथे पुन्हा मराठी थोडी दगा देते कारण आपण 'हुशार मुलगा' आणि 'हुशार मुलं' दोन्हीकडे हुशारच ठेवतो. स्पॅनिशमध्ये पुरुष-बाई असा बदल होत नसेल तरी अनेकवचन होतंच होतं. स्वराने संपला तर 'स', व्यंजनाने संपला तर 'एस'. 'मिस एर्मानास सोन इन्तेलिखेन्तेस' (माझ्या बहिणी हुशार आहेत), 'सोन त्राबाखादोरास', 'सोन खोबेनेस'. 'फेलिस'चं 'फेलिसेस', आणि लिहिताना त्यातलं शेवटचं अक्षर झेडचं सी होतं तेवढं लक्षात ठेवा. पुरुष आणि बायका एकत्र असतील तर पुरुषाचं रूप, म्हणजे 'मिस पाद्रेस सोन आल्तोस' म्हणजे आईवडील दोघेही उंच आहेत. आपलं नपुंसकलिंग, ते मूल, ती मुलं वगैरे, तसलं माणसांसाठी काही नाही, मूल सुद्धा एक तर 'निन्यो' नाहीतर 'निन्या'.

व्यक्ती आणि लोक

हे मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा सविस्तर. स्पॅनिशमध्ये 'पेर्सोना' हा शब्द व्यक्ती या अर्थाने खूप वापरतात आणि तो कायम स्त्रीलिंगी असतो, पुरुषाबद्दल बोलताना सुद्धा. 'मि एर्मानो एस उना पेर्सोना मुई तिमिदा.' भाऊ आहे, तरी 'तिमिदा'! इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्यांना हे पटतच नाही. आपण मात्र रोज म्हणतो, तो फार चांगली व्यक्ती आहे. 'चांगला व्यक्ती' असं हल्ली टीव्हीवर ऐकू येतं खरं, पण 'चांगली व्यक्ती' हेच आपल्या कानाला बरोबर वाटतं, आणि तोच कान इथे उपयोगी पडतो. नवीन शिकणाऱ्यांना मी तर म्हणेन की अडलात की 'एस उना पेर्सोना...' ने सुरुवात करा, मग पुढचं बदलणारं विशेषण डोळे झाकून 'आ'वालं घाला, समोर पुरुष असो की बाई, चुकायचा प्रश्नच नाही.

पण 'लोक' म्हणायला गेलात की सावध. आपले लोक अनेकवचनी, लोक चांगले आहेत. स्पॅनिशमधला 'ला खेन्ते' एकवचनी आणि तो सुद्धा स्त्रीलिंगी. 'ला खेन्ते एस सिम्पातिका', लोक छान आहेत. 'सोन' नाही, 'सिम्पातिकोस' नाही. एखाद्या गावातल्या लोकांबद्दल, ऑफिसातल्या लोकांबद्दल बोलताना हे वाक्य पहिल्या आठवड्यापासून लागतं त्यामुळे तसंच्या तसं तोंडात बसवून टाका.

एक 'आहे' आणि दोन शब्द

आता खरा अवघड भाग. मराठीत 'आहे' एकच, स्पॅनिशमध्ये दोन. 'सेर' (ज्याची रूपं वर सोय, एरेस, एस अशी झाली) आणि 'एस्तार', ज्याची रूपं 'एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्तान', आणि स्पेनमध्ये 'एस्ताइस'. माणूस कसा आहे, त्याचा स्वभाव, बांधा, ओळख, हे सगळं सेरने. माणूस आत्ता कसा आहे, दमलेला, आजारी, चिडलेला, हे एस्तारने. 'मि आमिगा एस त्रान्किला', माझी मैत्रीण शांत स्वभावाची आहे. 'मि आमिगा एस्ता त्रान्किला', ती आत्ता शांत आहे, एरवी काय करत असेल देव जाणे.

बरेच जण याचं 'कायमचं आणि तात्पुरतं' असं सोपं सूत्र करून देतात. चार दिवस चालतं ते आणि मग मोडतं. तरुणपण काही कायमचं नसतं, तरी 'एस खोबेन' असंच म्हणतात. आणि मरण तर कायमचंच, तरी 'एस्ता मुएर्तो', एस्तारने. त्यामुळे मला दुसरा विचार जास्त बरा वाटतो. सेरने तुम्ही माणसाला ओळख देता, हा अमुक प्रकारचा माणूस. एस्तारने तुम्ही त्याची अवस्था सांगता, तो आत्ता कुठल्या स्थितीत येऊन पोचलाय. एस्तार हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थच उभं राहणं असा होता, म्हणजे माणूस आत्ता कुठल्या जागी, कुठल्या अवस्थेत उभा आहे ते. मृत्यू ही त्या माणसाची अवस्था, तारुण्य ही त्याची ओळख, असं बघितलं की दोन्ही उदाहरणं जागेवर बसतात.

मराठीतून ओळखायची एक युक्ती आहे. वाक्यात 'स्वभावाने' किंवा 'तसाच' घालून बघा. 'तो स्वभावाने गप्प आहे' जमतंय, मग सेर, 'एस कायादो'. आता 'झालाय' किंवा 'दिसतोय' घालून बघा. 'आज गप्प झालाय' जमतंय, मग एस्तार, 'एस्ता कायादो'. म्हणूनच पाच-सहा महिन्यांनी भेटलेल्या पोराला बघून 'के आल्तो एस्तास!' म्हणतात, केवढा उंच झालास, कारण बोलणारा बदल बघतोय. आणि कुणी आज नटून आलं तर 'एस्तास मुई ग्वापा', आज छान दिसतेयस. 'एरेस मुई ग्वापा' म्हटलं तर तू सुंदरच आहेस, कायमचं कौतुक.

काही शब्दांचा तर अर्थच पालटतो आणि ही यादी मात्र खरंच पाठ करा. 'एस लिस्तो' म्हणजे चलाख आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार आहे, निघायला वगैरे. 'एस आबुर्रिदो' म्हणजे कंटाळवाणा माणूस, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे त्याला कंटाळा आलाय, आणि 'मला कंटाळा आलाय' म्हणताना 'सोय आबुर्रिदो' म्हणून लोक स्वतःलाच रटाळ ठरवून टाकतात. 'एस ओर्गुयोसो' गर्विष्ठ आहे, 'एस्ता ओर्गुयोसो' त्याला कशाचा तरी अभिमान वाटतोय. 'एस बिबो' चलाख, 'एस्ता बिबो' जिवंत. 'एस मालो' वाईट माणूस, 'एस्ता मालो' आजारी, विशेषतः स्पेनमध्ये. आणि 'एस बुएनो' म्हणजे चांगला माणूस, पण माणसाबद्दल 'एस्ता बुएनो' असं अजिबात म्हणू नका, त्यात शारीरिक आकर्षणाचा अर्थ येतो आणि फार अवघडल्यासारखं होतं.

प्रश्न ऐकताना सुद्धा हेच. 'कोमो एस तु एर्माना?' म्हणजे तुझी बहीण कशी आहे, स्वभावाने, दिसायला. 'कोमो एस्ता तु एर्माना?' म्हणजे बरी आहे ना, काय चाललंय तिचं. मराठीत दोन्ही 'कशी आहे बहीण?' च होतं त्यामुळे आपला गोंधळ होणं साहजिक आहे. पहिल्याला 'आल्ता इ सिम्पातिका' उत्तर, दुसऱ्याला 'बिएन, ग्रासिआस'.

किती, आणि किती नरमाईने

'मुई' म्हणजे खूप, 'बास्तान्ते' म्हणजे बऱ्यापैकी, 'देमासिआदो' म्हणजे गरजेपेक्षा जास्त, आणि 'उन पोको' म्हणजे थोडासा. यातले कुठलेच विशेषणाआधी बदलत नाहीत, बाई असली तरी 'देमासिआदो सेरिआ'च. 'मुचो आल्तो' म्हणू नका, विशेषणाला 'मुई'च लागतं, मुचो नाही. फारच जास्त म्हणायचं तर शेवटी 'इसिमो' जोडतात, 'आल्तिसिमो', 'आल्तिसिमा', आणि मग 'मुई' लागत नाही.

'उन पोको' जपून. तो फक्त न आवडणाऱ्या गुणांना लावतात. 'एस उन पोको तेर्को', जरा हट्टी आहे, हे छान. 'एस उन पोको इन्तेलिखेन्ते' कुणी म्हणत नाही, विचित्र लागतं, त्याजागी 'बास्तान्ते इन्तेलिखेन्ते'. आपण मराठीत जसं 'जरा आळशी आहे' म्हणतो पण 'जरा हुशार आहे' सहसा म्हणत नाही, तसंच.

माणसांबद्दल बोलताना शब्द टोकदार करू नका असं मला मनापासून वाटतं, विशेषतः नवीन भाषेत, कारण कुठला शब्द किती लागतो ते आपल्याला अजून कळत नसतं. 'पेरेसोसो' म्हणजे आळशी, पण त्याऐवजी 'नो एस मुई त्राबाखादोर', फारसा कष्टाळू नाही, म्हटलं तरी मुद्दा पोचतो. वयस्कर माणसाला 'बिएखो' म्हणू नका, 'मायोर' म्हणा, 'मि आबुएला एस मायोर'. 'गोर्दो' म्हणजे जाडा, लॅटिन अमेरिकेत घरात, मित्रांत, नवराबायकोत लाडाने 'गोर्दो', 'फ्लाका' (म्हणजे बारकी) अशा हाका मारतात हे खरं आहे, पण ती जवळीक त्यांची आहे, आपण पहिल्या भेटीत ते उचलू नये. 'ताकान्यो' म्हणजे कंजूष, 'आन्तिपातिको' म्हणजे खडूस, हे शब्द ऐकून समजावेत म्हणून शिका, वापरायला घाई नको.

इंग्रजीसारखे दिसणारे शब्दही इथेच फसवतात. 'सेन्सिब्ले' म्हणजे हळवा, समंजस नाही, समंजसला 'सेन्सातो'. 'सिम्पातिको' म्हणजे बोलायला वागायला छान, सहानुभूतीशी त्याचा काही संबंध नाही. 'एदुकादो' म्हणजे चांगलं वळण असलेला, नीट वागणारा, डिग्रीवाला नव्हे. आणि 'मला लाज वाटली' या अर्थाने इंग्रजीवरून 'एम्बारासादा' म्हणू नका, त्याचा अर्थ गरोदर.

केस, डोळे, चष्मा

दिसण्याचं वर्णन करताना 'तिएने' म्हणजे 'त्याच्याकडे, तिच्याकडे आहे' हे लागतं. 'तिएने एल पेलो लार्गो', केस लांब आहेत. केस इथे एकवचनी, 'पेलो'. 'तिएने लोस ओखोस नेग्रोस', डोळे काळे. विशेषण इथे केसांशी, डोळ्यांशी जुळतं, माणसाशी नाही, आणि हे आपल्याला नवीन नाही, तिचे केस लांब आणि तिचा चेहरा गोल असं आपणही म्हणतोच. 'बाखो' बुटका, 'देल्गादो' बारीक, 'काल्बो' टकला, 'मोरेनो' काळ्या केसांचा किंवा सावळा, 'रुबिओ' सोनेरी केसांचा. चष्मा लावते म्हणायचं तर स्पेनमध्ये 'येबा गाफास', लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'उसा लेन्तेस'. वय सुद्धा 'तिएने'ने, 'तिएने बेइन्ते आन्योस', वीस वर्षांची आहे. रागीट माणसाला 'तिएने माल खेनिओ' म्हणतात.

विशेषण नामाच्या नंतर येतं, 'उना मुखेर आल्ता' म्हणजे एक उंच बाई, आपल्या उलट. काही शब्द नामाच्या आधी आले की अर्थ बदलतो, 'उन बिएखो आमिगो' म्हणजे जुना मित्र आणि 'उन आमिगो बिएखो' म्हणजे वय झालेला मित्र, 'उन ग्रान ओम्ब्रे' थोर माणूस आणि 'उन ओम्ब्रे ग्रान्दे' अंगाने मोठा. सुरुवातीला सगळं नामानंतरच टाका, चालतं.

व्यवसाय सांगताना नुसतं 'एस प्रोफेसोरा', ती शिक्षिका आहे. पण कशी शिक्षिका ते सांगायचं झालं की 'उना' लागतो, 'एस उना प्रोफेसोरा मुई पासिएन्ते'.

आणि एक वाक्य जे इंग्रजीतून कधीच सुचणार नाही: 'मे काए बिएन'. मला तो बरा वाटतो, माणूस म्हणून आवडतो. रचना बघा, 'मला' पुढे, ज्याच्याबद्दल बोलतोय तो कर्ता. अगदी आपल्या 'मला आवडतो' सारखी. आवडत नसेल तर 'नो मे काए बिएन'. अनेक माणसं असतील तर 'मे काएन बिएन'.

आता सगळं एकत्र. एका चुलत बहिणीचं वर्णन करू. 'मि प्रिमा एस आल्ता इ देल्गादा. तिएने एल पेलो कोर्तो इ लोस ओखोस नेग्रोस. पारेसे सेरिआ, पेरो एस मुई दिबेर्तिदा. एस उना पेर्सोना त्राबाखादोरा इ ओर्देनादा. एस सिम्पातिका ए इन्तेलिखेन्ते, पेरो उन पोको तेर्का. ओय एस्ता कान्सादा. मे काए मुई बिएन.' म्हणजे उंच, बारीक, केस आखूड, डोळे काळे, गंभीर दिसते पण खूप मजेशीर आहे, कष्टाळू आणि नीटनेटकी व्यक्ती आहे, छान आणि हुशार आहे पण जरा हट्टी, आज दमलीय, मला ती फार आवडते. 'पारेसे' म्हणजे दिसते, वाटते. 'पेरो' म्हणजे पण, यातला र हलका, जोरात फिरवलात तर 'पेर्रो' म्हणजे कुत्रा होतो. आणि 'इ' म्हणजे आणि, पण पुढचा शब्द 'इ' आवाजाने सुरू झाला तर तो 'ए' होतो, म्हणून 'ए इन्तेलिखेन्ते'.

हाच परिच्छेद आता चुलत भावाचा करून बघा, खाली न बघता, वहीत लिहून. मग ताडा. 'मि प्रिमो एस आल्तो इ देल्गादो', दोन्ही बदलले. केस आणि डोळ्यांचं वाक्य जसंच्या तसं, कारण केस काही बदलले नाहीत. 'पारेसे सेरिओ, पेरो एस मुई दिबेर्तिदो.' 'एस उना पेर्सोना त्राबाखादोरा इ ओर्देनादा' हे पण तसंच, कारण ही दोन्ही विशेषणं व्यक्तीची आहेत. पण पुढे 'सिम्पातिको' आणि 'तेर्को', कारण तिथे पुन्हा थेट त्याच्याबद्दल बोलतोय, मधला 'इन्तेलिखेन्ते' तसाच. 'ओय एस्ता कान्सादो.' शेवटचं वाक्य तेच. यात 'पेर्सोना'वालं वाक्य जर तुम्ही बदललं नसेल आणि 'तेर्को' बदललं असेल तर तुमचं जुळवणं पक्कं झालंय, मग पुढे 'मिस प्रिमोस' घेऊन, 'सोन', 'तिएनेन', 'पारेसेन', 'एस्तान' आणि 'मे काएन' लावून तोच परिच्छेद अनेकवचनात करा.